चिठ्ठीतला 'सध्या'

माझ्या दवाखान्यात, रुग्णांच्या बाकासमोरच्या भिंतीवर, एका मुलीच्या गालाचे दोन फोटो वीसेक वर्षं टांगलेले होते. डोळ्यांवर काळी पट्टी चिकटवलेली, त्यामुळे मुलगी कोण ते कुणाला कळत नसे. डावीकडच्या फोटोत गाल खड्ड्यांनी भरलेला, उजवीकडच्या फोटोत तोच गाल बराचसा सपाट. खाली माझ्याच अक्षरात 'उपचारापूर्वी' आणि 'उपचारानंतर'. बाकावरची माणसं ते फोटो बघत, मग दाराच्या फटीतून माझ्याकडे बघत. ती नजर मला आवडायची, हे आधीच कबूल करून टाकतो.

या दोन फोटोंच्या मधला एक तिसरा फोटो आहे. तो मीच काढला, मीच धुऊन आणला आणि कुणाला दाखवला नाही. दवाखाना बंद केला तेव्हा बाकीचे कागद रद्दीत गेले, हा माझ्या कपाटात आला. संपादकांनी दवाखान्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत, एकदोन सांगतोही. पण लिहायला बसलो तेव्हा हा फोटो काढून टेबलावर ठेवला, आणि आता तो उलटा करून ठेवता येत नाही.

मी कातडीचा डॉक्टर. महालात, एका घड्याळजीच्या शेजारी माझा दवाखाना होता. त्या काळी नागपुरात कातडीचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. माझ्या बोर्डावर तीन शब्द होते : त्वचारोग, गुप्तरोग, कुष्ठरोग. साऱ्याच कातडीवाल्यांचे बोर्ड असे असत. त्यामुळे नुसत्या मुरमांसाठी येणारी तरुण मंडळी बोर्डाखाली उभी राहायला घाबरत. घरातलं चांगलं चालू घड्याळ घेऊन घड्याळजीकडे बसत आणि नंबर आला की हळूच आत शिरत. घड्याळजी मला म्हणायचा, "डाक्टर, तुमच्या पेशंटाइची घड्याळं खोलून-खोलून मी बिघडवून ठेवीन एखाद दिवशी."

आलेल्या प्रत्येकाला मी एक विनोद ऐकवत असे. "रस्त्याचं आणि चेहऱ्याचं उलटं असतं बघा. रस्त्यावर मुरूम टाकला की खड्डे बुजतात, चेहऱ्यावर मुरूम आला की खड्डे पडतात." समोरचा हसायचा. डॉक्टरच्या विनोदाला कोण हसत नाही? पण आपल्या चेहऱ्याला कुणी रस्ता म्हटल्यावर त्या पोरापोरींना काय वाटत असेल, हा विचार मला पन्नाशी उलटेपर्यंत शिवला नाही.

धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. मुरूम पिकतो, खोल जातो, आतली कातडी खातो आणि भरून येताना वरची कातडी आत ओढून घेतो. तो झाला खड्डा. काही खड्डे सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल, काही उभ्या काठाचे, काही पसरट आणि उथळ. प्रत्येकाला वेगळा इलाज. खोल, एकटा खड्डा असेल तर तेवढाच कापून टाका घालायचा, किंवा कानामागची टिकलीएवढी कातडी काढून तिथे बसवायची. उथळ असतील तर ॲसिड. कापूस गुंडाळलेल्या काडीने ते लावायचं, कातडी दह्यासारखी पांढरी होते, आठवड्याने पापुद्रा निघतो. आणि गालभर पसरलेले असतील तर घासणे. गालावर गार फवारा मारून कातडी दगडासारखी कडक करायची आणि भराभर फिरणाऱ्या तारेच्या लहान ब्रशाने वरचा थर उतरवायचा. दाताच्या डॉक्टरची मोटर असते, तसलंच ते यंत्र. रक्त येतं, पाणी सुटतं, खपली धरते, आणि खपलीखालून गुलाबी नवी कातडी येते. यातला कुठलाच इलाज खड्डा पुसून टाकत नाही. चार आणे, आठ आणे फरक पडतो. हे रुग्णाला आधी सांगायचं असतं.

हे यंत्र मी मुंबईहून मागवलं तेव्हा लकडगंजातले एक आरागिरणीवाले शेटजी मुलाला घेऊन आले होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ब्रश हातात घेऊन अंगठ्यावर फिरवून पाहिला.

"म्हंजे रंधाच मारता तुमी," ते म्हणाले.

"तसंच समजा."

"मंग खड्डा कोठी भरते जी? बाजूचं लाकूड उतरते, म्हणून खड्डा कमी दिसते."

इतक्या नेमक्या शब्दांत माझ्या प्राध्यापकांनीही कधी सांगितलं नव्हतं. मी तसं म्हटल्यावर ते खूष झाले आणि म्हणाले, "पन एक सांगतो. ओल्या लाकडाले आमी रंधा लावत नाही. गिऱ्हाईक किती का घाई करो. आज लावला तर उद्या तेच लाकूड वाकून आपल्यालेच तोंड दाखवते."

मुलाचे मुरूम अजून पिकत होते. शेटजींनी आपल्या तोंडानेच निकाल दिला आणि त्याला वर्षभर थांबवलं. हा किस्सा मी खूप ठिकाणी सांगितला आहे. त्याच वर्षी ते वाक्य मी कुणाच्या बाबतीत मोडलं, ते आज पहिल्यांदा सांगतो.

तिला सुमन म्हणू. खरं नाव वेगळं. भिवापूरकडची, वय एकोणीस-वीस. शिवरात्रीच्या आसपास आईबरोबर इतवारी स्टेशनला येणाऱ्या छोट्या रेल्वेने आली. मुरूम केव्हाच थांबले होते, दोन्ही गालांवर पसरट खड्डे होते. घासण्यासाठी असे गाल पुस्तकात छापावेत तसे. वैशाखात लग्न ठरलेलं, मुलगा रामटेकजवळचा, घरची धानाची शेती. मुलाकडच्यांनी मुलगी पसंत केली होती आणि चेहऱ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हे तिच्या आईनेच मला सांगितलं.

"त्याइले काही नाही जी," आई म्हणाली. "हिलेच वाटून राहिलं, मांडवात समदे पाह्यतीन म्हनून."

"माय, चूप वं," सुमन पुटपुटली.

या दोघींना मी काय सांगायला हवं होतं, ते मला तेव्हाही पाठ होतं. आपल्या सावळ्या कातडीवर घासलं की महिना-दीड महिन्याने ती जागा काळी पडण्याचा धोका असतो. तो काळेपणा जातो, पण सहा महिने, कधी वर्ष घेतो. म्हणून हे काम दसऱ्यानंतर, थंडीत करायचं. आधी कानामागे नखाएवढ्या जागेवर करून दोन महिने वाट पाहायची. लग्न तोंडावर असताना, चैत्र-वैशाखाच्या नागपुरी उन्हात तर करायचंच नाही. "लग्न होऊ दे, दिवाळीनंतर ये," एवढं म्हटलं असतं तर ती निमूट परत गेली असती.

पण उन्हाळ्यात डॉक्टरांची एक सभा होती. माझ्या नव्या यंत्रावर मी तिथे बोलणार होतो आणि माझ्याजवळ दाखवण्याजोगा एकही गाल नव्हता.

मी म्हणालो, "वैशाखापर्यंत छान होईल."

मी तिचा फोटो काढला. भिंतीवरचा डावीकडचा तो. मग पार्वतीबाईंनी तिचं डोकं धरलं. पार्वतीबाई माझ्याकडे मदतनीस होत्या, कामठी रस्त्याकडच्या, बोलायला फटकळ. सुमनने सगळा वेळ आवाज काढला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्या पुसत होत्या. आठ दिवस ती नागपुरात मावशीकडे राहिली, खपल्या निघाल्या, खालून गुलाबी गाल आला. आरसा दिला तेव्हा तिने गालाला बोट लावायला उचललं आणि परत खाली घेतलं.

निघताना मी बजावलं, "उन्हात जायचं नाही. अजिबात नाही. सावलीतच बसायचं."

"हाव जी," ती म्हणाली. "शेतात जातच नाही आता. सातऱ्यावर मांडवातच बसून राहीन."

सातरा म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. माझा जन्म नागपूरचा, पण महालातल्या चार गल्ल्यांतला. पडवी, ओसरी असं काही असेल असं वाटलं. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी मान डोलावली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

महिन्याने ती परत आली, तोंडाला पदर बांधून. पदर सोडला तेव्हा पार्वतीबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं. दोन्ही गाल डोळ्यांखालपासून जबड्यापर्यंत काळे-करडे, कडा नकाशासारख्या वाकड्यातिकड्या, मध्ये लाल चट्टे. टेबलावर आहे तो फोटो हा.

"उन्हात गेली होतीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"नाही जी! देवाशपथ. सातऱ्यावर सावलीतच बसली मी."

"सातरा म्हंजे मिरचीचं खळं जी, डाक्टर," पार्वतीबाई म्हणाल्या. "वाळवाले टाकतेत, मंग मांडवात बसून बाया देठं खुडतेत. दिवसभर मिरचीतच हात. तुमाले माहीत नोहोतं?"

सुमनने माझं अक्षरन् अक्षर पाळलं होतं. उन्हातलं काम सोडून तिने सावलीतलं मागून घेतलं होतं. ढिगाशेजारी बसून, उडणाऱ्या तिखटाच्या धुरळ्यात, आठ दिवसांच्या कातडीचा चेहरा घेऊन ती देठं खुडत होती. आग होई तेव्हा पदराने पुशी. औषध लागत असेल म्हणून सहन करत होती.

इथे एक गोष्ट स्वच्छ लिहायला हवी, कारण पुढे कितीतरी वर्षं मी मिरचीच्या आड उभा राहिलो. मिरचीने लाल चट्टे आले. काळेपणा बहुतेक मिरचीशिवायही आला असता. नंतर मी थंडीत, कानामागे आधी पाहून, नीट जपून ज्यांचे गाल घासले त्यांच्यातलेही कितीतरी काळे पडले होते, आणि त्यांच्या घरी मिरचीचा ढीग नव्हता.

सुमनने एवढंच विचारलं, "लग्नापर्यंत हे जाईन का जी?"

"मलम देतो," मी म्हणालो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एक गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात छत्री. मुलाचे मामा. भेटीगाठीला भिवापूरला गेले असताना त्यांनी सुमनला पाहिलं होतं. दाराबाहेर त्यांनी आधी माझा बोर्ड वाचला असावा, कारण आत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. ते भांडायला आले नव्हते, हे मला आजही आठवतं. माणूस चांगला होता.

"डाक्टरसाहेब, पोरगी गुणाची आहे," ते म्हणाले. "आमाले तोडाचं नाही. पन तिच्या तोंडावर जे होऊन राहिलं ते काय आहे, तेवढं खरं सांगा. बिमारी आहे का? पसरते का? पोराबाळात जाते का?"

बोर्डावरचा तिसरा शब्द त्यांनी उच्चारला नाही. 'तो रोग नाही' एवढंच त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

उत्तर सोपं होतं. हा रोग नाही. मी केलेल्या इलाजाने झालं, वर्षभरात जाईल, लग्न खुशाल करा. चार छोटी वाक्यं. पण दार उघडं होतं आणि बाकावर सहा-सात माणसं बसली होती. माझ्या मनात आलं, 'मी केलं' म्हटलं की हे गाडीत बोलतील, रामटेकात बोलतील, आठवड्यात नागपूरभर होईल. आणि सभा पंधरा दिवसांवर होती.

मी म्हणालो, "मुलीने सूचना पाळल्या नाहीत. पुढे काय होईल, आत्ता काही सांगता येत नाही."

मामांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी आणखी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत असणार. मी पेनाचं टोपण लावलं.

"सांगता येत नाही म्हनता," ते म्हणाले. "मंग समजलं जी." छत्री उचलून नमस्कार करून ते गेले.

पार्वतीबाई हात धुवायचं तबक घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. "पाळलं नाही म्हंजे?" त्यांनी विचारलं. मी सुमनचं नोंदीचं कार्ड ओढून त्यावर लिहीत होतो : 'रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.' लिहून झाल्यावर मी वर पाहिलं तेव्हा त्या बाहेर गेल्या होत्या. त्या दिवसानंतर नऊ वर्षं त्या माझ्याकडे होत्या, पण माझ्या मुरमाच्या विनोदाला पुन्हा हसल्या नाहीत.

लग्न मोडल्याचं मला तिच्या आईकडून कळलं. ती एकटी आली, दारातच उभी राहिली. "काय सांगितलं जी तुमी त्याइले?" मी म्हणालो, रुग्णाबद्दल मी बाहेरच्या माणसांना काही सांगत नसतो. हेही खोटं. ती मला शिव्या देईल अशी मी तयारी ठेवली होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गेली. सभेत मी मधल्या काळात घासलेल्या दुसऱ्याच एका गालाबद्दल बोललो. बरं झालं भाषण.

पुढच्या थंडीत, संक्रांतीच्या आधी, सुमन आली. या वेळी पदर बांधलेला नव्हता. काळेपणा गेला होता. अगदी कानाजवळ जरासा राहिला होता. आणि खड्डे खरोखर उथळ झाले होते. माझ्या हातून इतका चांगला गाल आधी झाला नव्हता, नंतरही फारसा नाही. पहिल्यांदा मला आनंद झाला, आणि तो कामाचा आनंद होता, तिच्याबद्दलचा नव्हता. मी कॅमेरा काढला. तिने फोटो काढू दिला. उजवीकडचा तो.

मग ती म्हणाली, "एक चिठ्ठी देता का जी?"

"कसली?"

"माह्या तोंडावर होतं ते बिमारी नोहोती, इलाजानं झालतं, म्हनून. तुमच्या सहीची." जरा थांबून म्हणाली, "माह्यासाठी नाही. लहानीले पाहाले कोणी येऊन नाही राहिलं. घरात काही आहे म्हणतेत. तुमच्या बोर्डावरचं नाव घेतेत."

धाकट्या बहिणीचं लग्न माझ्या एका वाक्याने अडलं असेल, हे मला सुचलंही नव्हतं. मी छापील कागद ओढला. 'इलाजानं झालतं' हे मी माझ्या कागदावर, माझ्या सहीने लिहिणार नव्हतो, हे हातात पेन घ्यायच्या आधीच ठरलेलं होतं. मी लिहिलं : 'वरील तरुणीस तपासले. सध्या कोणताही त्वचारोग आढळत नाही.' सही केली, शिक्का मारला.

ती सातवी शिकली होती. उभ्या उभ्या तिने ओळीवर बोट ठेवून चिठ्ठी वाचली. बोट एका ठिकाणी थांबलं. बोटाच्या टोकाला तिखटाचा पक्का लालसर डाग होता.

"हे 'सध्या' काहून लिहिलं जी?"

"डॉक्टरी भाषा असते तशी."

"सध्या म्हंजे आधी होती, असं नाही वाटणार लोकाइले?"

"नाही, नाही. असंच लिहितात."

तिने पुन्हा एकदा वाचलं. "तेवढं एक खोडून देता का?"

"शिक्का मारल्यावर खाडाखोड चालत नाही," मी म्हणालो. समोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा पडलेला होता. तिने तो पाहिला, मी पाहिला. तिने चिठ्ठीची घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली, "येतो जी" म्हणाली आणि गेली.

धाकटीचं लग्न झालं की नाही, सुमनचं काय झालं, मला माहीत नाही. भिवापूरचे रुग्ण पुढेही येत राहिले. विचारता आलं असतं. त्यांच्यातला एखादा भिंतीवरचे फोटो बघत उभा राहिला की मी घाईने त्याला आत बोलावत असे, ओळखलं की काय म्हणून. फोटो मात्र मी काढले नाहीत. ते बघूनच माणसं येत होती.

पार्वतीबाई काम सोडताना एकदाच बोलल्या. "डाक्टर, त्या पोरीले फक्त एक शब्द खोडून पाहिजे होता." मी म्हणालो, तुम्हाला आठवतंय अजून? त्या म्हणाल्या, "तुमाले नाही आठवत?"

आता माझा चेहरा सुरकुतला आहे, शिक्काही दवाखान्याबरोबर गेला. ही चिठ्ठी ज्यांच्यासाठी होती त्यांच्या उपयोगाची वेळ केव्हाच गेली, हे मला कळतं. तरी त्या वेळी जी लिहायला हवी होती ती इथे लिहितो. रामटेककडचे, भिवापूरकडचे कुणी जुने लोक हा अंक वाचत असतील तर त्यांना समजेल मी कुणाबद्दल बोलतो आहे.

'सुमन हिच्या गालांवर त्या उन्हाळ्यात आलेले काळे डाग हा रोग नव्हता. तिला आणि तिच्या घरातल्या कुणालाही असा कोणताही रोग नव्हता. डाग मी केलेल्या उपचाराने आले, आणि तो उपचार त्या वेळी करू नये हे मला ठाऊक होतं. डाग जातील हेही मला ठाऊक होतं. मी दिलेल्या सगळ्या सूचना तिने पाळल्या.'

खाली सही करतो. तारीख मात्र आजचीच घालावी लागते आहे.